रत्नागिरीकर म्हणजे नक्की कोण?

सड्यावरचा (धागाकर्ता)

रत्नागिरीवर इथे धागे कमी नाहीत. पण निम्मे आंब्याच्या पेटीचे आणि उरलेले 'दोन दिवसांत काय काय बघून होईल' छापाचे. हा धागा त्यातला नाही. शहर कसं घडलं आणि इथला माणूस असा का, यावर बोलू. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय हाणायचं ते हाणा. रत्नागिरी हे सरकारी हुकमाने इथे येऊन पडलेल्यांचं आणि पोटासाठी इथून निघून गेलेल्यांचं शहर आहे. दोघांचाही अर्धा जीव दुसरीकडे. गावच्या बोलण्यातला तो तिरकसपणा आणि 'आपल्याला काय करायचंय' हा सूर तिथून आलाय.

मुळात हे मोठं बंदर नव्हतंच. व्यापार बघायचा तर दाभोळला, नाहीतर राजापूरला. इंग्रजांनी वखार घातली तीही राजापुरात. इथे होता रत्नदुर्ग, त्याच्या अंगाला पेठकिल्ला, आणि बाकी माडांच्या वाड्या. १८२२ मध्ये जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथे हललं आणि गावाचं नशीब पालटलं. कचेरी आली, कोर्ट आलं, तुरुंग आला, त्यांच्यामागून कारकून, वकील, मास्तर आले. नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे ठाण्यापाठोपाठ सहा वर्षांत वाचनालय! बंदरावर वाढलेल्या गावात अनोळखी माणूस दिसला की गिऱ्हाईक आलं म्हणून हसतात. आमचं कचेरीवर वाढलं, म्हणून आम्ही आधी विचारतो, "काय काम काढलंत?"

टिळकांचंच घ्या. १८५६ चा जन्म इथला, टिळक आळीतलं घर अजून उभं आहे, बाहेरून आलेला प्रत्येक जण तिथे फोटो काढतो. पण वडील शाळामास्तर, १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब गेलं. लोकमान्य जे काही झाले ते तिकडे. आमच्याकडे राहिली जन्मखोली.

आता पाठवलेले. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेचं राज्य जिंकलं, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. का इथेच? कारण रेल्वे नाही, सह्याद्री आडवा, पावसाळ्यात समुद्रही बंद. राजाला पळवून न्यायला कोणी येणार तरी कसं? राजवाडा बांधून झाला तो १९१०ला. तोवर भाड्याच्या बंगल्यात दिवस काढले, पेन्शन पुरेना तेव्हा जडजवाहीर विकलं. राजवाडा मात्र जागा शोधून बांधलाय. मागच्या अंगाला उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, आणि डोक्यावर ब्रह्मी धाटणीच्या लाकडी कोरीव कमानी. त्या वाड्यात राजा जेमतेम सहा वर्षं जगला. १९१६ च्या डिसेंबरात गेला. राणी सुपायालात १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र राहिली रत्नागिरीचीच. राजाच्याच एका मराठी नोकरावर तिचा जीव जडला होता. त्यांची मुलगी इथेच वाढली, मराठी बोलत, इथल्याच गृहस्थाशी लग्न करून, चारचौघींसारखी. मंडालेच्या सिंहासनाची नात बाजारात भावावरून घासाघीस करायची आणि गावाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. हे मला अस्सल रत्नागिरी वाटतं.

दुसरे सावरकर. १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटीवर. मग त्यांनी जातिभेदावर हत्यार उचललं. सहभोजनं, शाळेत मुलांना सरमिसळ बसवणं, आणि १९३१ मध्ये सगळ्या जातींना खुलं पतितपावन मंदिर. मंदिराचा पैसा कुणाचा? भागोजीशेठ कीरांचा. भंडारी समाजातला, इथल्याच गरीब घरातला मुलगा मुंबईला गेला, कंत्राटदार झाला, बक्कळ कमावलं. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीला जागा देणारे ते हेच. बघा म्हणजे, इथे आणून टाकलेल्या माणसाची कल्पना आणि इथून गेलेल्या माणसाचा पैसा. गावाने काय केलं? काहींनी साथ दिली, बरेच ओट्यावर बसून बघत राहिले.

गेलेल्यांचा हिशोब तर जनगणनेतच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशभर माणसं वाढली, आमच्या जिल्ह्यात जवळजवळ ८२ हजारांनी घटली. हजार पुरुषांमागे ११२२ बाया. बाहेरचे याला प्रगती समजतात. अहो, बाप्ये गिरणगावात गेले, मग वसई-विरार, डोंबिवलीला गेले, म्हणून हा आकडा!

---

माडाखाली

छान लिहिलंय. बोटीचं लिहायला हवं होतं. रेल्वे येईपर्यंत 'मुंबईला जाणं' म्हणजे आधी बोट आणि नंतर एस्टीची रातराणी. बोट धक्क्याला लागायची नाही, आत खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून उतारू न्यायचे. आमची आजी सांगायची, पडाव लाटेवर वर आला की खलाशी ओरडायचा "आता!" आणि त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. चुकला तर साडीसकट समुद्रात. बोट लागू नये म्हणून बाया लिंबू हुंगत बसायच्या. एकदा मिरग लागला की बोटी बंद, मग मुंबईची खबर घाट उतरून येईल तेव्हा.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली. त्याआधी चाकरमानी वर्षातून दोनदा दिसायचा, गणपतीला आणि शिमग्याला. आता शुक्रवारी रात्री गाडीत बसतो आणि शनिवारी आंब्याला फवारणी झाली का बघायला हजर. घरं बंदच आहेत, फक्त कुलूप जास्त वेळा उघडतं.

---

राजिवडेकर

धागाकर्ते, तुमची रत्नागिरी टिळक आळीत सुरू होते आणि थिबा पॅलेसला संपते. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला कुठे गेलं? आम्हाला कुणी पाठवलं नाही आणि आमच्या वाडवडिलांनी कचेरीत कारकुनीही केली नाही. दालदी, खारवी, गाबीत, भंडारी... ही माणसं ठाणं यायच्या आधीपासून पाण्यावर आहेत. 'आपल्याला काय करायचंय' म्हणे! पहाटे मिरकरवाड्यावर या एकदा. लाँच लागली की टोपल्या डोक्यावर घेऊन बाया पळतात, बर्फ फोडल्याचा आवाज, लिलाव करणारा एका दमात भाव चढवतो, आणि सुरमईचा ढीग कुणाला गेला हे कळायच्या आत तो टेम्पोत असतो. त्या गर्दीत अलिप्त उभं राहाल तर पायावर क्रेट पडेल.

गेलेले म्हणजे फक्त गिरणीत गेलेले, असंही नाही. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. मी स्वतः मस्कतला. बोटीवरचे, कंपनीतले, ड्रायव्हर. पैसा तिकडचा, घर राजिवड्यात. मनीऑर्डर बंद झाली, बँकेचा मेसेज येतो.

आणि हातीसचा उरूस विसरलात. काजळी नदीकाठचं गाव, पीर बाबरशेखचा दर्गा, आणि उरूस सांभाळणारे गावकरी हिंदू. माघी पौर्णिमेला आमची माणसं इथून जातात, तिथले त्यांना पाहुणे म्हणून घेतात. यावर भाषण करायची कुणाला गरज वाटत नाही, हे बरंय.

---

सड्यावरचा

राजिवडेकर, मुद्दा दमदार. पण मी म्हणतो तो गावाचा वरचा थर, आणि गावाचं तोंड बाहेरच्यांकडे त्याच थराचं असतं. वाचनालय, नाट्यस्पर्धा, वर्तमानपत्रं, सगळं त्याच्या हातात. मिरकरवाड्याने कधी स्वतःबद्दल लिहिलं नाही, म्हणून तर हा धागा.

---

राजिवडेकर

लिहायला वेळ कुणाला हो? १ जून ते ३१ जुलै बंदी, तेवढ्यात जाळी विणायची, होडी रंगवायची. बाकीचे दहा महिने पर्ससीनवाले (मोठ्या घेर-जाळ्याने मासे ओढणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांची भांडणं. २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. पुढे काय चालतं ते बंदरावर सगळ्यांना दिसतं. एकाच वाडीत, एकाच मशिदीत नमाज पढणारे दोन बाजूंना आहेत. तुमच्या 'गावच्या स्वभावात' हेही धरा.

---

भटकी_जोडी

धागा खूप आवडला! आम्ही डिसेंबरमध्ये येतोय. गणपतीपुळे धरून दोन दिवसांत काय काय होईल?

---

माडाखाली

@भटकी_जोडी, पहिली ओळ परत वाचा 🙂
(थिबा पॅलेस सोमवारी जाऊ नका, आधी चौकशी करा. तिथून शिवाजीनगरला राजाची समाधी आहे, ती कुणी बघत नाही, ती बघा. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास तिथे डोकं टेकवून गेले.)

---

तळ्यात_मळ्यात

त्याच्या उलट बाजूला आपला बहादूरशहा जफर रंगूनमध्ये पुरलाय. इंग्रजांनी एकाचा राजा दुसऱ्याच्या अंगणात टाकला. बाकी सावरकरांबद्दल लिहिलंय ते फारच सौम्य. १९२४ च्या अटी कशा मान्य केल्या त्यावर कोणी बोलणार आहे का?

---

सड्यावरचा

नाही. त्यावर इथे वेगळे धागे आहेत, बहुतेक कुलूपबंद. इथे रत्नागिरी.

---

पालखीचा_भोई

सगळं वाचलं. एवढ्या चर्चेत भैरीबुवाचं नाव नाही म्हणजे कमाल झाली. बारा वाड्यांचा श्री देव भैरी हा शहराचा खरा मालक, कलेक्टर वगैरे नंतर. शिमग्यात पालखी बाहेर पडली की या धाग्यावरचा प्रत्येक सिद्धांत मोडतो. ज्याला वर्षभर शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं तो रात्री दोन वाजता झाडगावच्या सहाणेवर (पालखी बसते त्या चौथऱ्यावर) उभा असतो. होळीसाठी सुरमाड तोडायचा, तो शंभर-दीडशे जणांनी खांद्यावर घेऊन नाचवत आणायचा. वळणावर शेंडा एकीकडे आणि बुंधा दुसरीकडे जातो, तेव्हा पुढचा मागच्याला ज्या शिव्या घालतो त्या इथे लिहिता येणार नाहीत. पालखी खांद्यावर आली की पहिल्यांदा वजन मानेत बसतं. गोंडा सावरायचा, पाय ढोलावर टाकायचा, आणि बाजूच्याने खांदा बदलला की आपण खाली झुकायचं. हे कुणी शिकवत नाही. बघून येतं.

मानपान आहेत, भांडणं आहेत, पालखी आधी कुणाच्या दारात यावरून भावकीतली बोलाचाली बंद झालेली उदाहरणं आहेत. पण मानकऱ्यांच्या यादीत सगळ्या जातींना काही ना काही काम आहे. ते काम करायला विरारहून माणूस रजा टाकून येतो. साहेब रजा देत नसेल तर नोकरी सोडून आलेले मी बघितलेत.

---

आंबेमोहोर

गाव ओट्यावर बसून बघतं म्हणालात. १९९३ विसरलात का? स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना इथल्या एमआयडीसीत यायचा होता, जमीन मिळालेली, काम सुरू झालेलं. बागायतदार उठले, मच्छीमार उठले, कॉलेजची पोरं, वकील, डॉक्टर उठले. शेवटी काम थांबवावं लागलं आणि कंपनी तुतुकुडीला गेली. तिकडे २०१८ च्या मे महिन्यात त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली, नंतर तो बंद झाला. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या आळीत जुने लोक एकमेकांना फोन करत होते. एरवी मच्छीमार आणि बागायतदार यांचं एकमेकांशी काम काय? धूर मोहोरावर बसणार आणि सांडपाणी खाडीत जाणार, एवढं दोघांनाही पटलं, बास.

---

हातखंबा_तिठा

आणि त्यानंतर पोरं कुठे गेली, तेही सांगा. कारखाना नको, बंदर नको, रिफायनरी नको; मग मुंबईची गाडी पकडा. मी स्वतः पकडली. तुमची पाचशे कलमं आहेत म्हणून तुम्हाला मोहोराची काळजी. ज्याच्या नावावर पाच गुंठे कातळ आहे त्याने काय करायचं? आंदोलन चूक होतं असं नाही म्हणत मी. पण त्याच्यानंतर 'मग काय हवं' यावर एकही बैठक झाल्याचं मला आठवत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) टँकर फिरतात, त्यावर मोर्चा निघालाय कधी?

---

आंबेमोहोर

@हातखंबा_तिठा, पाचशे कलमं ऐकायला बरी वाटतात. तुडतुडे, थ्रिप्स, अवकाळी, औषधांचा खर्च, आणि वाशीच्या दलालाकडे गेल्यावर आपली पेटी कितीला गेली हे तो सांगेल तेव्हा कळायचं. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा 'देवगड-रत्नागिरी' म्हणून गाड्यावर विकला जातोच. पाण्याबद्दलचं मात्र खरं आहे.

---

फळा_खडू

मी तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षिका आहे. धाग्याचं नाव वाचून मला आमचा हजेरीपट आठवला. गावातली पोरं कमी होत चालली तशी पटावर नेपाळी मुलं वाढली. आईबाप बागांमध्ये राखणीला; मोहोराच्या आधी येतात, पावसाच्या तोंडावर बरेचसे परत जातात. त्यांच्यातलेच काही मिरकरवाड्याला लाँचवर खलाशी असतात. मागे एकदा चौथीतला एक नेपाळी मुलगा दप्तरातून आंबा घेऊन आला. मी म्हटलं, तयार दिसतोय. त्याने देठाजवळ बोट फिरवलं, खांदे वर आलेत का बघितलं आणि म्हणाला, "नाय बाई, हा बारा आणे. चौदा आण्याला काढायचा." म्हणजे सोळा आणे पूर्ण तयार धरून. घरी नेपाळी, वर्गात प्रमाण मराठी, आणि बागेत बोलतो ती आमच्या कुणबीवाडीतली बोली, अगदी हेल काढून. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) त्याच्या उंचीच्या तिप्पट, पण एक फळ खाली पडू देत नाही. धागाकर्ते, हा तुमच्या कुठल्या खात्यात? याला सरकारने पाठवलेलं नाही आणि पालखीच्या मानातही याचं नाव नाही.

---

सड्यावरचा

बाई, माझ्या मते हा रत्नागिरीकरच. आलेला आणि गेलेला, दोन्ही एकाच पोरात. थिबाच्या नातीला जर गावाने न बोलता आपलं म्हटलं, तर याला का नाही?

---

पालखीचा_भोई

शिमग्याला आमच्या वाडीत दोन नेपाळी पोरं ढोलावर असतात. मान नाही, पण ढोल आहे. हात चांगला बसलाय.

---

हातखंबा_तिठा

'न बोलता आपलं म्हटलं' हे जरा गोड झालं. राजाची नात शेवटपर्यंत गरिबीत राहिली, गावाने कौतुक केलं ते बरंचसं ती गेल्यावर. या पोराचा बाप बागेतल्या पत्र्याच्या खोपीत राहतो, त्याला रेशनकार्ड कुणी काढून दिलं का, हे आधी विचारू. मग रत्नागिरीकर म्हणा.

---

राजिवडेकर

+१

---

माडाखाली

थोडं वेगळं. गाव हळूहळू समुद्र सोडून वर चढतंय, हे कुणी टिपलंय का? आधी वस्ती किल्ल्याच्या अंगाला, मग रामआळी-गाडीतळ, मग मारुती मंदिर. रेल्वे स्टेशन कुवारबावला आलं आणि सगळे ब्लॉक तिकडे. आता मिऱ्या-नागपूर महामार्गाने तीही दुकानं मागे सरकवली. नव्या पिढीतली कितीतरी मुलं मांडवीला फक्त भेळ खायला जातात. बंदर, धक्का, भगवती... त्यांना ते पर्यटकांइतकंच परकं.

---

राजिवडेकर

तुम्ही चढा वर. मिऱ्याला समुद्रच तुमच्यामागून येतोय. दर पावसाळ्यात बंधाऱ्याचे दगड आत ओढले जातात, माडांच्या मुळ्या उघड्या पडल्यात, भरतीचं पाणी अंगणात येतं. पुढच्या वर्षी परत दगड टाकतात. त्यावर लिहा कोणीतरी, ज्याचं घर तिथे आहे त्याने.

---

जाकीमिऱ्या

माझं आहे. इथे फक्त वाचत होतो. वेगळा धागा काढतो, बंधारा पहिल्यांदा बांधला तेव्हापासूनचे फोटो काकांकडे आहेत. ते आणायला रविवारी जाईन.